सोयाबीनच्या घरच्या बियाण्याची साठवण

ज्वारीचे बी घरी राखणे आणि सोयाबीनचे बी घरी राखणे ही दोन अगदी भिन्न कामे आहेत. वाशीम जिल्ह्यातील शेतकरी बंधूंना ही गोष्ट आता अनुभवाने कळून चुकली आहे. परंतु ती कळण्यासाठी अनेकांना एक पेरणी गमवावी लागली. पेवात वा कणगीत भरलेली ज्वारी, राखेत घोळून उतरंडीत ठेवलेला मूग, कडुनिंबाच्या पाल्यात राखलेली तूर ही आपल्या आजी-पणजीच्या हातची विद्या होती व त्या धान्यांपुरती ती उत्तम होती. सोयाबीन हे पीक आपल्या भागात त्या मानाने अलीकडचे. जबलपूरच्या कृषि विद्यापीठाचा जे.एस. ३३५ हा वाण १९९४ साली प्रसारित झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा व वाशीम या सहाही तालुक्यांत कापूस व ज्वारी यांची जागा या पिकाने मोठ्या प्रमाणावर घेतली. पीक आले, परंतु त्याचे बी राखण्याची विद्या त्याबरोबर घरात आली नाही. ती आपणांस शिकून घ्यावी लागेल.

या विषयाचे महत्त्व सांगण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सन २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात काढणीस आलेले सोयाबीन पावसात सापडले. शेंगा झाडावरच भिजल्या, सुड्या लावलेल्या होत्या त्याही भिजल्या. त्या वर्षीच्या पिकातून निघालेले बी पुढील खरिपात, म्हणजे २०२० च्या जून महिन्यात, मातीत पडले तेव्हा मराठवाड्यातून व विदर्भातून बियाणे न उगवल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे केवळ बियाण्याचा दुप्पट खर्च नव्हे. नांगरट, वखरणी, खत, मजुरी हे सर्व वाया जाते. आणि सर्वांत मोठी हानी म्हणजे पेरणीचे आठ-पंधरा दिवस हातचे जातात, ते कोणत्याही नुकसानभरपाईने परत मिळत नाहीत.

घरचे बी वापरावे की नाही, असा प्रश्न गावोगावच्या सभांत विचारला जातो. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे. त्याचे फूल उमलण्यापूर्वीच परागीकरण बहुतांशी उरकलेले असते. म्हणून संकरित कपाशीप्रमाणे त्याचे बी दरवर्षी विकत घेण्याची गरज नाही. एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्यापासून निघालेले बी निवडून, जपून दोन ते तीन वर्षे पेरण्यास हरकत नसते. त्यानंतर मात्र भेसळ वाढते व नवीन प्रमाणित बी आणणे श्रेयस्कर ठरते. कायद्याचीही आडकाठी नाही. पीक वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क या २००१ सालच्या कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याशी अदलाबदल करण्याचा, एवढेच नव्हे तर विकण्याचाही हक्क दिलेला आहे. संरक्षित वाणाचे बी छापील नाममुद्रेच्या पिशवीत घालून विकता येत नाही, इतकीच मर्यादा आहे.

दाण्याची नाजूक घडण

सोयाबीनचा दाणा ज्वारीपेक्षा व तुरीपेक्षा नाजूक का, हे एकदा नीट समजले म्हणजे पुढील सर्व सूचना आपोआप पटतात. दाणा हातात घेऊन पाहावा. त्याच्या कडेस जो लहानसा ठिपका, म्हणजे नाळेची खूण दिसते, तिच्या शेजारी टरफलाच्या लगेच खाली कोंबाचे मूळ दडलेले असते. ज्वारीत अंकुर दाण्याच्या बुडाशी कवचात बसलेला असतो. तुरीचे टरफल जाड असते. सोयाबीनमध्ये मात्र पातळ पापुद्र्यावाचून मुळाला संरक्षण नाही. दाणा उंचावरून फरशीवर पडला, मळणीयंत्राच्या दात्याचा मार त्यास बसला, किंवा पोत्यावर पोती रचून दाब पडला, तर टरफल वरून अखंड दिसत असतानाही आतील मूळ दुखावते. असा दाणा तेलासाठी उत्तम, बाजारात भावही पुरा मिळेल, परंतु तो बी राहिलेला नसतो.

दुसरे कारण दाण्याच्या पोटात आहे. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. ओल व उष्णता मिळताच हे तेल हळूहळू खवट होऊ लागते आणि त्याबरोबर दाण्याचा जीव कमी होतो. बी हे श्वास घेणारी वस्तू आहे. कोरड्या व थंड जागी त्याचा श्वास मंद चालतो व पुंजी पुरते. ओलसर व उष्ण जागी तो जोरात चालतो व पुंजी पेरणीपूर्वीच संपते. हा दोष एकट्या सोयाबीनचा आहे असेही नव्हे. चिखलदऱ्यास कॉफीची झाडे आहेत. त्या कॉफीची बी साध्या हवेत ठेवली तर काही महिन्यांतच उगवण्याची शक्ती गमावते, हे तेथील बागाईतदार जाणतात. सोयाबीनला तर ऑक्टोबरपासून जूनपर्यंत आठ महिने तग धरावयाचा असतो, आणि त्यात आपल्या जिल्ह्याचा एप्रिल व मे महिना येतो.

बियाण्याच्या साठवणीविषयी जगभर मानला जाणारा एक ठोकळ नियम आहे, तो हॅरिंग्टन नावाच्या शास्त्रज्ञाने सांगितला. बियातील ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचे आयुष्य दुप्पट होते. आणि साठवणीच्या जागेचे तापमान ५ अंश सेल्सिअसने कमी केले की तेही दुप्पट होते. हा नियम ५ ते १४ टक्के ओलीपर्यंत लागू पडतो. हिशेब करून पाहावा. चौदा टक्के ओल असलेले बी दहा टक्क्यांवर आणले, तर चार वेळा दुप्पट, म्हणजे सोळापट आयुष्य झाले. तापलेल्या टिनपत्र्याखालील खोलीऐवजी दहा अंशांनी थंड असलेल्या मातीच्या भिंतीच्या खोलीत तेच बी ठेवले, तर आणखी चौपट. हा नियम तंतोतंत मोजमापाचा नाही, परंतु कोणत्या कामास किती महत्त्व द्यावे हे त्यावरून स्पष्ट होते. ताडपत्रीवर घातलेले दोन-तीन दिवसांचे श्रम इतर कोणत्याही खर्चापेक्षा अधिक फळ देतात.

शेतातच सुरुवात

बी राखण्याचे काम खोलीत सुरू होत नाही, ते शेतात सुरू होते. ज्या तुकड्यात पाणी साचत नाही, ज्यात पीक एकसारखे व निरोगी आहे, असा तुकडा बियाण्यासाठी फुलोऱ्यातच हेरून ठेवावा. फुलांचा रंग वेगळा दिसणारी झाडे त्याच वेळी उपटून टाकावीत. पुढे शेंगांवरील लव व झाडाची ठेवण पाहून राहिलेली भेसळ काढावी. पैनगंगेच्या काठच्या भारी काळ्या जमिनीत पीक जोमदार दिसते, परंतु तेथे परतीच्या पावसात चिखल होऊन सोंगणी लांबते. म्हणून बियाण्यासाठी निचऱ्याचा मध्यम तुकडा निवडणे कित्येकदा अधिक शहाणपणाचे ठरते. मानोरा व मालेगावकडील उताराच्या जमिनीच्या शेतकऱ्यांस या बाबतीत थोडी अनुकूलता आहे.

किती बी राखावे याचा हिशेब आधीच करावा. एकरी ३० किलो, म्हणजे हेक्टरी ७५ किलो, ही शिफारस धरली तर पाच एकरांस दीड क्विंटल लागते. चाळणीत जाणारा भाग व उगवणशक्तीतील तूट लक्षात घेऊन खळ्यावर दोन क्विंटल बाजूस काढावे.

सुमारे ९५ टक्के शेंगांचा रंग पालटून त्या वाळल्या म्हणजे सोंगणी करावी. यापुढे पीक उभे राहिले तर शेंगा तडकतात. आणि पाऊस आला तर दाणा शेंगेतच फुगतो, पुन्हा वाळतो व टरफलावर सुरकुत्या पडतात. असा एकदा भिजून वाळलेला दाणा बियाण्यासाठी राखूच नये. तो विकावा. कापलेले पीक खळ्यावर वा शेतात उन्हात दोन-तीन दिवस वाळू द्यावे. ढग दिसताच घाईने लावलेली ओली सुडी आतून तापते, हे ज्याने हात घालून पाहिले आहे त्यास सांगावयास नको. बियाण्याचा माल सुडीत फार दिवस ठेवू नये आणि त्याची मळणी इतर मालाबरोबर न करता वेगळी करावी.

मळणी हा या साऱ्या वाटचालीतील सर्वांत धोक्याचा टप्पा आहे. भाड्याने येणाऱ्या मळणीयंत्राच्या मालकास तासाला जास्तीत जास्त पोती काढावयाची असतात, आणि त्यात त्याचा दोष नाही. बाजारात न्यावयाच्या मालास तो वेग चालतो. बियाण्यास मात्र चालत नाही. दाण्यात १३ ते १४ टक्के ओल असताना ड्रमचे फेरे मिनिटास ३५० ते ४०० च्या वर जाऊ देऊ नयेत. यंत्रवाल्यास दोन क्विंटल मालापुरते यंत्र हळू चालवण्याचे आधीच सांगून ठेवावे. वेळेचे थोडे अधिक पैसे द्यावे लागले तरी ते द्यावेत. ज्यांच्याकडे बैल व माणसे आहेत त्यांनी एवढा माल काठीने हलकेच झोडून काढला तर सर्वांत उत्तम. आमच्या एका मंगरुळपीर तालुक्यातील शेतकरी बंधूंच्या घरी आजही बियाण्याचे चार पोते सोयाबीन ताडपत्रीवर काठीने झोडतात, आणि जूनमध्ये त्यांच्या दारी शेजारी बी मागावयास येतात.

यंत्राचा वेग बरोबर आहे की नाही हे कळण्याची एक सोपी युक्ती आहे व ती प्रत्येक कार्यकर्त्याने खळ्यावर करून दाखवावी. मळणी सुरू होताच मूठभर दाणे घेऊन त्यांतील न फुटलेले १०० दाणे मोजावेत आणि एका वाटीत पाण्यात पाच ते दहा मिनिटे भिजत घालावेत. ज्या दाण्यांचे टरफल दुखावले आहे ते तेवढ्या अवधीत भराभर पाणी पिऊन फुगतात व सुटे दिसतात. चांगले दाणे जसेच्या तसे राहतात. शंभरात दहाहून अधिक दाणे फुगले तर यंत्राचा वेग तत्काळ कमी करावा. मळणी संपल्यावर ही परीक्षा करून काही उपयोग नाही, ती पहिल्या पोत्यालाच करावयाची असते.

वाळवण

मळलेले बी उफणून, चाळून, फुटके, सुरकुतलेले, काळपट व जांभळे डाग पडलेले दाणे काढून ताडपत्रीवर पातळ पसरावे. डांबरी सडकेवर किंवा तापलेल्या सिमेंटच्या अंगणात सोयाबीनचे बी टाकू नये. दसऱ्यानंतरचे ऊन आपल्याकडे चांगलेच तापते व असा पृष्ठभाग दाण्यास भाजून काढतो. टरफल एकदम आकसून तडकते. सकाळचे व दुपार कलल्यानंतरचे ऊन द्यावे, भर दुपारी ढीग सावलीत ओढावा किंवा वर गोणपाट टाकावे, अधूनमधून हाताने किंवा लाकडी दाताळ्याने पालटावे. सायंकाळी ढीग करून झाकावे, कारण दवाने दिवसभराचे काम वाया जाते.

बियाण्यातील ओल ९ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान यावी. दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर फारच चांगले. येथे एक गोंधळ वारंवार होतो, तो दूर करणे आवश्यक आहे. हमीभाव खरेदीत सोयाबीनला सामान्यतः १२ टक्के ओलीची मर्यादा असते आणि २०२४ च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली होती. ही सवलत विक्रीच्या मालापुरती होती. पंधरा टक्के ओलीचा माल खरेदी केंद्राने घेतला म्हणून तो घरी बियाण्यासाठी ठेवता येतो असा अर्थ कोणी काढू नये.

ओल मोजण्याचे यंत्र बाजार समितीत, शेतकरी उत्पादक कंपनीत किंवा अडत्याकडे असते. दाणा दाताखाली धरून पाहण्याची जुनी रीत टाकाऊ नाही. दाणा दबला तर ओल आहे, टचकन फुटला तर बराच वाळला आहे. तथापि चौदा व दहा टक्क्यांतील फरक दातास कळत नाही. त्यासाठी तराजू वापरावा. समजा यंत्राने १४ टक्के ओल दाखविली. त्याच बियातील १० किलो मोजून, त्याच ताडपत्रीच्या कडेस, इतर बियाइतक्याच जाडीने वेगळे पसरावे. या दहा किलोंत १ किलो ४०० ग्रॅम पाणी व ८ किलो ६०० ग्रॅम सुका अंश आहे. ओल १० टक्क्यांवर आली म्हणजे याच बियाचे वजन ९ किलो ५५५ ग्रॅम भरेल. रोज सायंकाळी एकदा वजन करावे आणि काटा साडेनऊ किलोच्या किंचित वर आला म्हणजे वाळवण थांबवावी. सांडलवंड होऊ देऊ नये, नाही तर वाळण्यापूर्वीच वजन घटेल व फसगत होईल.

फार वाळविणेही बरे नाही. आठ-नऊ टक्क्यांखाली गेलेला दाणा ठिसूळ होतो व पोते जरा आदळले तरी दुभंगतो. मे महिन्यात आपल्या भागातील कोरड्या हवेने पोत्यातील बी आणखी वाळते. म्हणून उन्हाळ्यात पोती हलवावयाची झाल्यास दोन माणसांनी हलकेच उचलून ठेवावीत.

पोते व खोली

वाळलेले बी भरण्यापूर्वी एक रात्र सावलीत निवू द्यावे. ऊन लागलेले बी गरमच पोत्यात भरले तर आतल्या आत घाम सुटतो. तागाची स्वच्छ, कोरडी, उन्हात तापवून झटकलेली पोती सर्वांत चांगली. खताची रिकामी पिशवी कधीही वापरू नये. खताचा अंश ओल ओढतो व बियास अपाय करतो; या कारणास्तव ज्या खोलीत युरिया वा अन्य खत ठेवले आहे त्या खोलीत बियाणेही ठेवू नये.

प्लॅस्टिकच्या अस्तराच्या हवाबंद पिशवीविषयी येथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शेतकरी बंधूस मी मोठ्या उत्साहाने सल्ला दिला, की बी हवाबंद पिशवीत भरा, म्हणजे पावसाळी हवा आत जाणार नाही. पुस्तकात तसे वाचले होते व ते खोटेही नव्हते. परंतु हवाबंद साठवणीस बी सात टक्क्यांपर्यंत वाळलेले असावे लागते, ही अट मी सांगितली नाही, आणि त्यांचे बी यंत्रावर मोजूनही पाहिले नाही. मे महिन्यात पिशव्या उघडल्या तेव्हा आतून आंबूस वास आला. दाणे पिवळे जाऊन तांबूस पडले होते. बियातील ओल बाहेर जाण्यास वाट राहिली नव्हती. त्या गृहस्थांनी मला एक शब्दही बोलून दाखविला नाही, उलट चहा दिला. त्या वर्षी त्यांनी बी उसनवारीने पेरले. तेव्हापासून ओल मोजल्यावाचून साठवणीचा कोणताही सल्ला द्यावयाचा नाही असा मी नियम केला आहे, आणि गावपातळीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनीही तो पाळावा अशी विनंती आहे. घरगुती वाळवणीत सात टक्के साधणे कठीण. म्हणून आपल्यासाठी हवा खेळती राहील असे तागाचे पोते हेच योग्य.

खोली कोणती निवडावी? गावात आता बहुतेक नवी घरे टिनपत्र्याची किंवा स्लॅबची आहेत. एप्रिल-मे महिन्यांत वाशीमचे तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते आणि पत्र्याखालच्या बंद खोलीत ते त्याहूनही अधिक होते. अशा खोलीत बी दोन महिने भाजत असते. जुन्या वाड्यातील जाड मातीच्या भिंतीची, धाब्याची वा कवेलूची खोली ज्यांच्याकडे अद्याप शिल्लक आहे त्यांनी ती धान्यास न देता बियाण्यास द्यावी. धान्य कोठेही राहते. अशी खोली नसल्यास घरातील उत्तरेकडची, दुपारचे ऊन भिंतीवर न येणारी खोली घ्यावी. पत्र्यावर पऱ्हाट्यांचा वा गवताचा थर टाकून सावली करावी, मात्र तेथून चूल व विजेच्या तारा दूर असाव्यात. खिडकी सकाळी व रात्री उघडी ठेवून दुपारी बंद करावी. पावसाळी, ढगाळ दिवशी उलट तिन्ही त्रिकाळ बंद ठेवावी.

पोती जमिनीवर ठेवू नयेत. खाली लाकडी फळ्या, बाज किंवा विटांवर आडवे बांबू टाकून त्यांवर ती ठेवावीत आणि भिंतीपासून हातभर अंतर सोडावे. भिंतीची ओल पोत्यात चढते व उंदरासही आडोसा मिळतो. थप्पी फार उंच करू नये. शंभर किलोची पोती असतील तर चारांवर व चाळीस किलोची असतील तर आठांवर थर जाऊ देऊ नयेत. खालच्या पोत्यातील दाणे वरच्या भाराने दबतात. घरी साठ किलोपेक्षा अधिक भरूच नये, म्हणजे पोते एकट्या माणसास फेकावेसे वाटणार नाही.

किडीविषयी थोडक्यात सांगतो. तूर, हरभरा व मूग यांना साठवणीत भुंगेऱ्याचा जसा उपद्रव होतो तसा सोयाबीनला सहसा होत नाही. त्यामुळे सोयाबीनच्या पोत्यांत औषधाच्या गोळ्या ठेवण्याची जी प्रथा काही ठिकाणी दिसते ती अनावश्यक आहे, आणि राहत्या घरात ती प्राणघातक आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून निघणारा वायू झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. ती गोळी घरात आणूच नये. उंदरांसाठी सापळा, बिळे बुजविणे व थप्पीभोवती मोकळी जागा एवढे पुरे.

प्रत्येक पोत्यास एक पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधावी. तीवर वाणाचे नाव, मूळ प्रमाणित बियाणे कोणत्या वर्षी आणले, मळणीची तारीख व भरतेवेळची ओल लिहावी. खाली उगवणशक्तीच्या परीक्षेसाठी तीन ओळी मोकळ्या सोडाव्यात.

उगवणशक्तीची परीक्षा

ही परीक्षा तीनदा करावी : बी भरल्यावर महिन्याभराने, मार्चअखेर, आणि पेरणीपूर्वी आठ-दहा दिवस. पहिल्या परीक्षेतच उगवण कमी आली तर बी ठेवण्यात अर्थ नाही, माल विकून टाकता येतो व दुसरे बी शोधण्यास पाच महिने हाती राहतात. केवळ जूनमध्ये परीक्षा करणाऱ्यास हा लाभ मिळत नाही.

प्रत्येक पोत्यात हात खोलवर घालून वरचे, मधले व तळाचे थोडे थोडे बी काढावे व एकत्र मिसळावे. न निवडता, हातास येतील तसे १०० दाणे मोजावेत. टपोरे दाणे वेचून केलेली परीक्षा म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे. गोणपाटाचा तुकडा भिजवून घट्ट पिळावा. तो ओलसर असावा, त्यातून पाणी निथळू नये. सोयाबीनचा कोरडा दाणा एकदम पुष्कळ पाणी प्याला तर फुटतो व चांगले बीही मेलेले दिसते. दहा-दहाच्या दहा ओळी, दाण्यादाण्यात बोटभर अंतर ठेवून मांडाव्यात, वर दुसरा ओलसर तुकडा पसरावा, हलक्या हाताने गुंडाळी करून सावलीत ठेवावी व रोज थोडे पाणी शिंपडावे. पाच ते सहा दिवसांनी गुंडाळी सोडून मोजावे. लांब सरळ मूळ व धड कोंब असलेली रोपेच मोजावीत. मूळ खुंटलेली, कोंब वाकडा वा सडका असलेली, केवळ फुगून राहिलेली बी मोजू नयेत. अशा तीन-चार गुंडाळ्या करून सरासरी काढली तर आकडा भरवशाचा मिळतो.

शेवटच्या वेळी आणखी एक परीक्षा मातीत करावी. शेतातील माती एका पाटीत भरून १०० दाणे ३ सेंटिमीटर खोल पेरावेत व बेताचे पाणी द्यावे. गोणपाटात नव्वद उगवलेले बी मातीत कधी कधी पंचाहत्तरच वर येते. शेतात जे घडणार तेच ही पाटी दाखविते.

शंभरात ७० किंवा अधिक रोपे आली तर एकरी ३० किलो बी वापरावे. बीज प्रमाणीकरणाचाही किमान दंडक ७० टक्के हाच आहे. त्याहून कमी आली तर त्या प्रमाणात बी वाढवावे : ६५ टक्क्यांस सुमारे साडेबत्तीस किलो, ६० टक्क्यांस ३५ किलो. साठ टक्क्यांखालील बी कितीही वाढविले तरी उपयोग होत नाही, कारण जे उगवते तेही अशक्त असते व पहिल्या उघाडीस मान टाकते. ते बी तेलघाण्याकडे जाऊ द्यावे.

जून महिन्यात मात्र दक्षता दुप्पट ठेवावी. मृगाच्या हवेत ओल व उष्णता एकत्र येतात आणि सहा महिने चांगले राहिलेले बी या तीन आठवड्यांत झपाट्याने उतरते. म्हणून पोती पेरणीपर्यंत उघडून ठेवू नयेत, परीक्षेनंतर तोंड पुन्हा शिवावे. पेरणी लांबली व मधे पंधरवडा गेला, तर एक गुंडाळी पुन्हा करून पाहावी.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल मुरल्यावरच करावी आणि बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल पडू देऊ नये. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने ते नकळत खोल जाते. पहिल्या दोन ओळी उकरून पाहाव्यात. सोयाबीनला आपली दोन्ही डाळिंबे मातीतून वर ओढून काढावी लागतात, आणि वर पपडी आली असेल तर कोंबाची मान मोडते. घरचे बी जपून राखले, परीक्षेत उतरले, आणि खोल पेरणीने वाया गेले, असे प्रसंग तक्रारींच्या पाहणीत पुष्कळ आढळतात.

बीजप्रक्रिया पेरणीच्या वेळीच करावी. प्रथम कार्बोक्सिन व थायरम यांचे मिश्रण असलेले बुरशीनाशक दर किलो बियास ३ ग्रॅम चोळावे. ते सुकल्यावर, पेरणीपूर्वी दोन-तीन तास, रायझोबियम व स्फुरद विरघळविणारे जिवाणू संवर्धन दर १० किलो बियास प्रत्येकी २५० ग्रॅम लावून बी सावलीत सुकवावे. हा क्रम उलटा करू नये. चोळताना बी घमेल्यात जोराने घासू नये, टरफल निघते. ताडपत्रीवर पसरून दोघांनी दोन टोके धरून हलवावे. हातांत मोजे असावेत. लागेल तेवढ्याच बियास औषध लावावे, कारण औषध लावलेले उरलेले बी बाजारात, घाण्यावर किंवा गुरांच्या गव्हाणीत कदापि जाता कामा नये. ते शेताच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरावे आणि पोते वेगळे जाळावे.